दहा फूट बाय चौदा फूट

दुसऱ्यांची घरे सजवून देणाऱ्या माणसाची स्वतःची कामाची खोली बहुधा पाहवत नाही. शिंप्याच्या अंगातला सदरा उसवलेला असावा आणि वैद्याच्या घरात कोणी तरी सदैव खोकत असावे, त्यातलाच हा प्रकार म्हणावयाचा. ही गोष्ट माझ्या ध्यानात आली ती माझ्या भाचीमुळे. मी मूळचा वऱ्हाडातला, आणि नोकरी सरकारची. त्यामुळे बदलीच्या हुकुमाबरोबर बिऱ्हाड उचलणे एवढीच काय ती गृहरचनेची विद्या मला अवगत होती. काही वर्षांपूर्वी चेन्नईला माझी बदली झाली. भाची तेथे आधीपासूनच होती. अंतर्गत सजावटीचे शिक्षण घेऊन, दोन वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली राबून, तिने वेळचेरी भागात तळमजल्यावरची एक खोली भाड्याने घेतली होती आणि दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावली होती.

डिसेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात मिचाँग चक्रीवादळ आले. चेन्नईतल्या श्रोत्यांना त्या दोन दिवसांचे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही. वेळचेरीचा भाग मुळातच सखल. तिच्या खोलीत गुडघाभर पाणी शिरले आणि ते ओसरावयास चार दिवस लागले. नकाशांच्या गुंडाळ्या भिंतीशी जमिनीवर उभ्या करून ठेवलेल्या होत्या, त्यांचा लगदा झाला. प्लायवुडचे नमुने फुगून त्यांचे पापुद्रे सुटले. कापडांच्या नमुन्यांच्या वह्या एकमेकींना चिकटल्या त्या चिकटल्याच. पाणी उतरल्यावर मी तेथे गेलो तेव्हा ती उंबऱ्यावर बसली होती. मला म्हणाली, "मामा, इथले काही वाचवायचे नाही. फक्त मी पुन्हा सुरू करायचे की नोकरी धरायची, एवढेच मला तुम्ही सांगा."

मी काहीच सांगितले नाही. सरकारी नोकराची सवय, दुसरे काय! परंतु दोन महिन्यांनी तिने मैलापुरात दुसरी खोली पाहिली, आणि त्या खोलीची मांडणी कशी असावी या विचारात मलाही ओढले. आज मी आपणांस जे सांगणार आहे ते त्या खोलीचे आहे. ती आहे दहा फूट रुंद आणि चौदा फूट लांब. आपणांपैकी पुष्कळांच्या घरी एवढी एखादी खोली असेल, आणि तीत कोणी शिवणकाम करीत असेल, कोणी नकाशे काढीत असेल, कोणी शिकवण्या घेत असेल. त्यांनाही यातले काही उपयोगी पडावे.

मैलापुरातले ते घर जुने आहे. रस्त्याकडेला, दोन-तीन पायऱ्या चढून गेल्यावर, छपराखाली बसावयाचा ओटा लागतो. तमिळमध्ये त्याला तिण्णै म्हणतात. आपल्याकडची ओटी किंवा पडवी जे काम करते तेच काम तिण्णै करते: घर आणि रस्ता यांच्यामध्ये उभी राहून ती दोघांचेही मन राखते. वेळचेरीच्या अनुभवानंतर त्या पायऱ्या पाहूनच भाचीने निम्मा निर्णय केला होता. उरलेला निम्मा घरमालकांनी करविला. मालक ऐंशीच्या घरातले गृहस्थ. आम्ही आपसांत बोलत होतो ते ऐकून त्यांनी मराठीत विचारले, तुम्ही कोठले? त्यांचे पूर्वज सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागोमाग तंजावरास आलेल्या लोकांपैकी. घरात अजून मराठी बोलतात. मात्र ती मराठी आपल्या कानांना पोथीतून उठून आल्यासारखी वाटते आणि तिच्यात अधूनमधून तमिळ शब्द खड्यासारखे नव्हे, बेदाण्यासारखे लागतात. आजोबांनी भाडे परवडेल असे सांगितले, पण एक अट घातली. भिंतीला एकही खिळा ठोकावयाचा नाही.

ही अट म्हाताऱ्या माणसाचा हट्ट नव्हती. त्या भिंतींना चुन्याचा गिलावा आहे. शिंपल्यांचा चुना भाजून, भिजवून, घोटून केलेला मद्रासी गिलावा एके काळी इतका प्रसिद्ध होता की अठराव्या शतकातल्या युरोपीय प्रवाशांना त्या भिंती आणि खांब संगमरवरी वाटत. असा गिलावा खिळ्याने नुसता भोकच पाडून घेत नाही, तर सभोवार सुटत जातो. शिवाय तो श्वास घेतो. भिंतीत जमिनीतून चढलेली ओल त्यातून बाहेर पडते व वाळते. अशा भिंतीवर हल्लीचा प्लास्टिकयुक्त रंग दिला म्हणजे ओलीचा मार्ग बंद होतो, आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर रंगाला फोड येऊन पोपडे गळू लागतात. मग लोक रंगाला दोष देतात. म्हणून भाचीने भिंतींना पुन्हा चुनाच दिला. त्यात थोडा काळा रंग मिसळून तिने फिकट राखी छटा साधली. राखीच का, हे पुढे सांगतो, कारण त्यामागे एका नुकसानीची गोष्ट आहे.

खोलीच्या छताला सागवानी कड्या आहेत. कड्यांवर पातळ विटा उभ्या, तिरप्या ओळींनी चुन्यात बसवून वर विटांच्या रोडीचा थर घातलेला आहे. यालाच मद्रासी गच्ची म्हणतात. ती खालून पाहावयास मोठी देखणी असते. हल्ली कोणतीही खोली हाती आली की प्रथम तिला प्लास्टरचे खोटे छत लावावे अशी एक चाल पडली आहे. भाचीने ते केले नाही. एक तर उंची गेली असती, आणि दुसरे म्हणजे कड्यांत दोन जाड लोखंडी कड्या अडकवलेल्या होत्या. त्या होत्या झोपाळ्याच्या. तमिळ घरात त्याला ऊंजल म्हणतात आणि आमच्याकडे बंगई. माझे मत पडले की तेथे बंगईच टांगावी. पण दहा फूट रुंदीच्या खोलीत हलणारी वस्तू म्हणजे अर्धी खोली तिला आंदण दिल्यासारखे होते. भाचीने त्या कड्यांना दोन दोर बांधून एक सागवानी दांडी आडवी टांगली आणि तिच्यावर कापडाचे नमुने धोतरासारखे वाळत घातले. खिळा ठोकावयाचा नाही या अटीतून हा मार्ग निघाला. पडद्याचे कापड वहीत चिकटवलेल्या चौकोनी तुकड्यावरून कधीही कळत नाही. ते टांगल्यावर, त्याला निऱ्या पडल्यावर, त्यातून उजेड आल्यावर कळते.

आता उजेडाविषयी. चित्रकारांचा आणि नकाशे काढणाऱ्यांचा एक जुना नियम आहे की कामाच्या खोलीची खिडकी उत्तरेला असावी. हा नियम युरोपातून आला. तेथे सूर्य माध्यान्ही सदैव दक्षिणेकडे असतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन न येता आकाशाचा शांत, न बदलणारा प्रकाश येतो. चेन्नईत मात्र हा नियम जसाच्या तसा उचलता येत नाही. हे शहर १३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. एप्रिलच्या चोवीस-पंचवीस तारखेच्या सुमारास सूर्य तेथे बरोबर डोक्यावर येतो, आणि त्यानंतर ऑगस्टच्या मध्यापलीकडेपर्यंत माध्यान्हीचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. नागपूरला हा काळ मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत एवढाच असतो, आणि दिल्लीला तो कधीच येत नाही. म्हणजे उत्तरेच्या खिडकीपाशी मोठ्या विश्वासाने टेबल मांडावे आणि ऐन उन्हाळ्यात कागदावर ऊन यावे, असा प्रकार चेन्नईत होतो.

उपाय कठीण नाही. तो गणिताने काढता येतो. २१ जूनला, म्हणजे सूर्य उत्तरेकडे जास्तीत जास्त गेलेला असतानाही, तो माध्यान्ही चेन्नईच्या डोक्यावरून जेमतेम साडेदहा अंश कललेला असतो. चार फूट उंचीच्या खिडकीवर नऊ इंचांचे छज्जे असले तरी ते ऊन अडते. त्रास होतो तो सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हाचा, कारण त्या महिन्यांत सूर्य उगवतो व मावळतो तोही उत्तरेकडे सरकून. त्याला आडवे छज्जे काय करणार? त्याकरिता खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभी आड हवी. भाचीने जुन्या खिडकीच्या झडपा पूर्ण न उघडता काटकोनात अडकवून ठेवण्याची सोय केली. झडपाच पंखांसारख्या उभ्या राहिल्या आणि काम झाले. खर्च आला दोन आकड्यांचा. आकडे म्हणजे अंक नव्हेत, लोखंडी आकडे.

टेबल खिडकीला समोर न लावता काटकोनात लावले आहे, आणि खिडकी डाव्या हाताला ठेवली आहे. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या हाताची सावली कागदावर पडू नये याकरिता हे आहे. डावखुऱ्याने उलट करावे. शाळेत आपणां सर्वांना हे सांगितलेले असते, आणि कचेरीत गेल्यावर आपण सर्वजण ते विसरतो. मीही वीस वर्षे स्वतःच्या सावलीत सह्या केल्या आहेत.

पण सजावटकाराचे खरे दुखणे उजेड कमी पडण्याचे नसते, उजेड निरनिराळे असण्याचे असते. मैलापुरात आल्यावर तिसऱ्याच महिन्यात भाचीला त्याचा तडाखा बसला. एका कुटुंबाच्या स्वयंपाकघराच्या फडताळांसाठी तिने हिरवट राखी रंगाचे लॅमिनेट निवडले आणि त्याच्याशी मिळता भिंतीचा रंगही ठरविला. संध्याकाळची वेळ होती, टेबलावर पिवळा दिवा होता. दोन्ही तुकडे एकमेकांत मिसळून गेल्यासारखे दिसत होते. घरी सगळे बसवून झाले, सकाळी पूर्वेची खिडकी उघडली, आणि फडताळे हिरवी तर भिंत मातकट! घरच्या बाईंनी शब्दही बोलून दाखविला नाही. त्या नुसत्या पाहत राहिल्या. भिंतीला पुन्हा रंग देण्याचा खर्च भाचीने स्वतः सोसला, आणि पुरातून उभ्या राहिलेल्या माणसाला तो सोसणे सोपे नव्हते. त्या आठवड्यात नोकरीचा विषय पुन्हा निघाला होता.

हे का घडते? वस्तूला रंग असतो असे आपण म्हणतो, पण वस्तू फक्त तिच्यावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग परत पाठविते. लॅमिनेटमधली रंगद्रव्ये वेगळी आणि भिंतीच्या रंगातली वेगळी. एका विशिष्ट प्रकाशात दोन्हींकडून परत येणारे मिश्रण आपल्या डोळ्यांना सारखेच भासते. प्रकाश बदलला की मिश्रणे बदलतात आणि जुळलेली जोडी फुटते. दिव्याच्या डब्यावर केल्विनमध्ये जो आकडा छापलेला असतो तो याच कारणाने पाहावयाचा. २७०० चा उजेड पिवळसर, ६५०० चा दिवसाच्या उजेडाच्या जवळचा. दुसराही एक आकडा असतो. दिव्याच्या उजेडात रंग कितपत खरे दिसतात याचा तो शंभरापैकी दिलेला गुण. रंग जुळविण्याच्या कामाला तो ९० च्या वर असावा. आता भाचीच्या टेबलावर दोन दिवे आहेत, एक २७०० चा आणि एक ६५०० चा, आणि बाजूला खिडकी. कोणतीही जोडी या तीनही न्यायालयांतून सुटल्याशिवाय ती ग्राहकाकडे पाठवीत नाही. न्यायालय हा शब्द माझा. ती त्याला नुसतेच "तीन वेळा बघणे" म्हणते.

भिंत राखी का, याचेही उत्तर येथेच आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या गोबलँ या सरकारी कारखान्यात, जेथे भिंतीवर टांगावयाचे विणलेले चित्रपट होत, शेव्ह्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचा प्रमुख होता. काळा रंग पुरेसा गडद होत नाही अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने सूत तपासले, रंग तपासला. दोष कशातच सापडला नाही. शेवटी त्याच्या ध्यानात आले की काळे सूत फिके दिसते ते त्याच्या शेजारी असलेल्या रंगांमुळे. शेजारी बदलला की तेच सूत काळेभोर दिसे. १८३९ मध्ये त्याने रंगांच्या या परस्परविरोधावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि चित्रकारांच्या पुढच्या पिढ्यांनी त्याचा पुष्कळ उपयोग करून घेतला. आता ज्या खोलीत दिवसभर रंग पारखावयाचे तिच्या भिंती पिवळ्या किंवा गुलाबी असल्या, तर प्रत्येक नमुन्याला आयुष्यभर तोच शेजारी लाभणार. राखी भिंत कोणाचीच बाजू घेत नाही. खोली दिसावयास थोडी उदास वाटते हे खरे. माझ्या बहिणीने पाहताक्षणी "ही काय सुतकातली भिंत?" असे विचारले. परंतु तिच्यावर ठेवलेला आत्तंगुडीचा एक फरशीचा तुकडा असा उठून दिसतो की बाकी काही टांगण्याची गरजच राहत नाही.

आत्तंगुडी हे चेट्टिनाड प्रांतातले गाव. तेथल्या फरशा भट्टीत भाजत नाहीत. सपाट काचेवर साच्यात रंगीत सिमेंट ओतून, वर वाळू-सिमेंटचा थर देऊन, पाण्यात मुरवून त्या करतात. काचेच्या स्पर्शाने त्यांचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि माणसांच्या पायांनी तो वर्षानुवर्षे अधिकच उजळतो. भाचीच्या खोलीत अशा चार फरशा एका कोनाड्यात ठेवल्या आहेत. दुसऱ्या कोनाड्यात समई आहे, आणि बैठकीवर पट्टमडै गावची गवती चटई. सजावट म्हणावयाची ती एवढीच. तंजावरी सोनेरी चित्र लावावे अशी माझी फार इच्छा होती, पण तिने ती मोडून काढली. ग्राहक येथे येतो तो स्वतःचे घर मनात घेऊन. त्याच्या घराला या भिंतीवर जागा रिकामी हवी, हे तिचे म्हणणे. ते मला आजही सर्वस्वी पटलेले नाही. कोरी भिंत पाहून बुजणारेही ग्राहक असतात.

आता नमुन्यांविषयी सांगितले पाहिजे, कारण अशा खोलीची खरी परीक्षा तेथेच होते. लाकूड, दगड, फरशा, लॅमिनेट, कापड, कड्या-कोयंडे, रंगांचे पंखे. दुकानदार हे सर्व आनंदाने देतात आणि घेणारा हावऱ्यासारखा घेतो. वर्षभरात खोलीत माणसाला जागा उरत नाही. भाचीने प्रथम हे सर्व दुकानांप्रमाणे लावले होते. या दुकानाचे येथे, त्या दुकानाचे तेथे. मला ते पाहून आमच्या कचेरीतले एक दालन आठवले, जेथे कागद ज्याने पाठविला त्याच्या नावाने ठेवीत आणि मग कोणालाच सापडत नसे.

या प्रश्नाचे उत्तर याच शहरात शंभर वर्षांपूर्वी शोधले जाऊ लागले होते. शियाळी रामामृत रंगनाथन हे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवीत. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाने त्यांना ग्रंथपाल नेमले. त्या रिकाम्या शांततेचा त्यांना इतका कंटाळा आला की ते काही दिवसांतच पुन्हा शिकवावयास जाऊ द्या म्हणून विनंती करू लागले. पुढे लंडनला शिकावयास गेल्यावर मात्र त्यांची दृष्टी बदलली. तेथल्या एका दुकानात त्यांनी मेकॅनोचे खेळणे पाहिले. मोजक्या पट्ट्या, चाके आणि स्क्रू यांच्या निरनिराळ्या जोडण्यांतून नाना वस्तू होताना पाहून त्यांना सुचले की ग्रंथाचा विषयही असाच सुट्या पैलूंच्या जोडणीने दाखविता येईल. १९३३ मध्ये त्यांची द्विबिंदू वर्गीकरणपद्धती प्रसिद्ध झाली. त्याआधी, १९३१ मध्ये, त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले होते. ग्रंथ जपून ठेवण्याकरिता नसून वापरण्याकरिता आहे, आणि वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, हा त्यांतल्या दोन नियमांचा आशय.

ग्रंथ या शब्दाच्या जागी नमुना हा शब्द घाला. एका लाकडाच्या तुकड्याला किती पैलू असतात? तो कशाचा आहे, घरात कोठे वापरावयाचा आहे, महाग की स्वस्त, मागविल्यावर किती दिवसांत येतो. यांपैकी कोणत्या पैलूने तो फळीवर बसवावयाचा? ग्राहक दुकानाचे नाव घेऊन येत नाही आणि पदार्थाचेही घेऊन येत नाही. तो म्हणतो, ओट्यासाठी काही दाखवा. म्हणून आता फळ्या जमीन, ओटा, भिंत, फडताळ, खिडकी अशा जागांप्रमाणे आहेत. बाकीचे पैलू प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर चिकटवलेल्या चिठ्ठीत चार खुणांनी लिहिलेले असतात. आणि फळ्या उघड्या आहेत. ग्राहकाने स्वतः हात घालावा, उचलावे, चूक जागी ठेवावे. रोज संध्याकाळी दहा मिनिटे सर्व पुन्हा जागच्या जागी लावण्यात जातात. रंगनाथनांचाही मोकळ्या फळ्यांविषयी असाच आग्रह असे.

उघड्या फळ्यांना आणखीही एक कारण आहे, आणि ते कबूल करणे मला भाग आहे. आरंभी माझ्या सांगण्यावरून काचेच्या दारांचे एक मोठे कपाट घेतले गेले. धूळ बसत नाही, शोभा येते, असे मी म्हणालो होतो. चेन्नईत पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत, ईशान्येकडून येणाऱ्या वाऱ्यांबरोबर पडतो. वर्षाच्या निम्म्याहून अधिक पाऊस त्याच तिमाहीत. हवा ओलीने जड होते, आणि बंद कपाटात ती ओल कोंडून राहते. नोव्हेंबरात कपाट उघडले तर कापडांवर आणि चामड्यावर बुरशीची पांढरी लव आलेली. आता मांडणी उघडी आहे, भिंतीपासून तीन इंच पुढे ओढलेली आहे, आणि सर्वांत खालची फळी जमिनीपासून दीड फूट वर आहे. त्या दीड फुटाचा हिशेब कोणत्याही पुस्तकात नाही. तो वेळचेरीच्या भिंतीवर राहिलेल्या पाण्याच्या रेघेवरून घेतलेला आहे. नकाशे मात्र सपाट खणांत ठेवले आहेत, आणि ते खण टेबलाखाली नसून कमरेच्या उंचीवर आहेत. काचेचे कपाट सध्या माझ्या घरी आहे.

ओलीची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. वऱ्हाडातल्या माणसाला उन्हाळा म्हटला की वाळ्याचे पडदे आठवतात. मीही मोठ्या हौसेने एक पडदा मागविला होता. वाळ्यावर मारलेले पाणी हवेत उडून जाताना उष्णता घेऊन जाते, म्हणून नागपूर-अकोल्याच्या कोरड्या झळांत खोली थंड होते. चेन्नईच्या हवेत आधीच इतके पाणी असते की नवे पाणी उडेनासे होते. खोली थंड न होता नुसती सुगंधी आणि दमट होते. तेथली खरी शीतलता समुद्राकडून येते. दुपार कलू लागली की पूर्वेचा वारा सुटतो. मैलापूर समुद्राजवळ असल्यामुळे तो तेथे लवकर पोहोचतो, आणि तिण्णैवरून सरळ खोलीत शिरतो. म्हणून दार ते मागची झरोक्याची भिंत या रेषेत एकही उंच वस्तू ठेवलेली नाही. कागद उडतात, त्यांच्यावर ग्रॅनाइटचे नमुने ठेवावयाचे.

मांडणी पक्की करण्याआधी आम्ही एक रविवार पावले मोजण्यात घालविला. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुशिल्पीने फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी जे स्वयंपाकघर योजिले ते साधारण १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब होते. गृहिणीचा हात आणि पाय दिवसभर कोठून कोठे जातात याचा अभ्यास करून तिने प्रत्येक खण, प्रत्येक फळी बसविली. आम्ही तेच केले. भाचीने नेहमीप्रमाणे काम करावयाचे, आणि मी कोपऱ्यात बसून वहीत रेघा ओढावयाच्या. टेबल ते नमुन्यांची मांडणी, मांडणी ते खिडकी, खिडकी ते टेबल, ही त्रिकोणी फेरी दोन तासांत बेचाळीस वेळा झाली. नकाशांच्या खणांकडे ती केवळ तीनदा गेली. आणि खोलीतली सर्वांत मोक्याची जागा त्या खणांनी अडविली होती! ते मागच्या भिंतीला गेले, मांडणी खिडकीजवळ आली, आणि फेरी सहा पावलांवरून अडीचवर आली. मध्ये अडीच फुटांची वाट मोकळी राहिली. ग्राहक दोन आले तर ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतात. तीन आले तर सर्वजण तिण्णैवर जाऊन बसतात, आणि खरे सांगावयाचे तर तेथेच बोलणे अधिक मोकळेपणाने होते.

जुन्या कामांचे काय करावयाचे, याबाबतीत मात्र माझे ज्ञान उपयोगी पडले. मद्रास इलाख्याच्या जिल्हा कचेऱ्यांत टॉटेनहॅम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने घालून दिलेली एक पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. प्रकरण संपले की त्यावर तेव्हाच शेरा मारावयाचा: कायम ठेवावे, दहा वर्षे ठेवावे, तीन वर्षे, की एकच वर्ष. वर्षांनंतर आलेल्या कारकुनाने पुन्हा सर्व वाचून ठरवू नये, यातच तिची खुबी आहे. आपल्या पेशवाई दप्तरातले रुमालही कोणी तरी असेच विचारपूर्वक बांधले असतील. भाचीच्या खोलीत प्रत्येक घराला एक पुठ्ठ्याची पेटी आहे. काम संपले की नकाशे, विजेच्या तारांचे आराखडे आणि रंगांचे क्रमांक कायम. कारागिरांचे हिशेब तीन वर्षे. न निवडलेले नमुने वर्षाअखेर दुकानदाराला परत. पेटीच्या झाकणावर तारीख घातलेली असते. गेल्या पोंगलच्या आधी भोगीच्या दिवशी, म्हणजे तमिळ लोक घरातले जुने बाहेर काढतात त्या दिवशी, तिने पहिल्या वर्षाच्या पेट्या उपसल्या. आजोबा तिण्णैवर खुर्ची टाकून बसले होते आणि टाकावयाच्या ढिगातून त्यांनी सागवानाचा एक तुकडा उचलून घेतला.

त्या मातकट भिंतीच्या घरच्या बाई मागच्या महिन्यात पुन्हा आल्या होत्या. मुलीच्या अभ्यासाची खोली करावयाची आहे. भाचीने दोन्ही दिवे लावले, झडपा उघडल्या, आणि तीन तुकडे त्यांच्यासमोर ठेवले. बाईंनी ते प्रत्येक दिव्याखाली धरून पाहिले, मग उठून खिडकीशी गेल्या, आणि तेथूनच त्यांनी विचारले, "हाच सकाळी कसा दिसेल, ते पाहायला मी उद्या सातला आले तर चालेल का?"